नाट्यगृह गेले, नृत्य उरले : नॉम पेन्हचे उदाहरण

शहर बदलू लागले की प्रथम इमारती जातात. त्या इमारतींत वावरणाऱ्या कलेचे काय होते, याचा विचार मागाहून होतो. या दृष्टीने कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह हिचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे.

तेथील अभिजात नृत्य मुख्यतः गुरूच्या देहातून शिष्याच्या देहात उतरते. स्त्री, पुरुष, राक्षस व वानर अशा चार प्रकारच्या भूमिका असतात. बोटे मागे वळविण्याचा सराव लहानपणापासून चालतो. 'रामकेर' ही तेथील रामकथा. म्हणजे हनुमान त्यांनाही परका नाही. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने शहर ताब्यात घेतले व ते रिकामे करविले. जानेवारी १९७९ मध्ये ती राजवट कोसळली, तोवर बहुसंख्य कलावंत प्राणास मुकले होते. उरलेल्यांनी आठवेल तेवढे गोळा करून पुन्हा शिकविण्यास आरंभ केला.

पुढचे घाव मात्र शांततेच्या काळात बसले. वास्तुशिल्पी वान मोलिवान यांनी उभारलेले राष्ट्रीय नाट्यगृह १९९४ मध्ये दुरुस्ती चालू असताना जळाले. त्या भग्नावशेषांतही कलावंतांच्या तालमी चालत. २००८ मध्ये तेही पाडण्यात आले. अनेक कलावंत कुटुंबांचा निवारा असलेली, १९६३ साली बांधलेली 'पांढरी इमारत' २०१७ मध्ये जमीनदोस्त झाली.

याच काळात 'अमृता' या संस्थेतील अभिजात नर्तक समकालीन नृत्याकडे वळले. २००७ पासून एमान्युएल फुऑन यांनी त्यांच्यासह 'ख्मेरोपेदी' ही नृत्यमालिका रचली. तिच्या एका भागात परंपरेतील वानराची भूमिकाच नव्या शोधाचा विषय झाली.

येथे एक आक्षेप संभवतो : जे अद्याप पुरते सावरलेले नाही, ते मोडावे कशाला? हा आक्षेप क्षुल्लक नाही. विसरलेली एक मुद्राही कायमची नष्ट होऊ शकते. परंतु जुने नृत्य देवदेवता व राजे यांची कथा सांगते. पाडलेल्या घराची कथा सांगावयास त्यात पात्रच नाही. ती उणीव समकालीन नृत्य भरून काढू शकते. मात्र वळविलेली बोटे सरळ करण्याला अर्थ येतो तो ती आधी वळविता येत असतील तरच. म्हणून जतन आणि नवनिर्मिती यांत वैर मानण्याचे कारण नाही. पहिले थांबले तर दुसरे पोकळ होईल.

नर्तकाचा देह ही वारशाची अखेरची वास्तू होय. परंतु त्या देहालाही सरावासाठी जागा आणि शेजारी गुरू लागतो. नगररचनेचा नकाशा आखणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवले, तरी पुष्कळ वाचेल.