दुभाषी : रायगडाच्या दरबारापासून कातकरवाडीपर्यंत

आपटा स्टेशनवर सकाळच्या गाडीची वाट पाहत उभे राहिले, की अर्ध्या तासात चार-पाच तऱ्हांचे बोलणे कानी पडते. 'पानी', 'शाला' म्हणणारे आगरी, बाजाराला निघालेले ठाकर आणि कातकरी, कोकणी मुसलमान, आणि रसायनीच्या कारखान्यांत पोटासाठी आलेल्या परप्रांतीयांची हिंदी. (१९९५ साली 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या चित्रपटाच्या अखेरच्या प्रसंगासाठी हेच स्टेशन पंजाबातले झाले होते, पण ते असो.) इतकी माणसे शेजारी नांदतात, तर एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोचवतो कोण? तो पोचवणारा म्हणजे दुभाषी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्या जिल्ह्यातच दुभाष्याचे एक ठळक चित्र इतिहासाने जपले आहे. १६७४ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आला. त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा कंपनीचा दुभाषी होता. दरबारात इंग्रज लवून उभे राहिले, तेव्हा नजराण्याची हिऱ्याची अंगठी महाराजांच्या दृष्टीस पडावी म्हणून शेणव्याने ती उंच धरली, अशी नोंद ऑक्झिंडेनने केली आहे. केवळ शब्दाला शब्द ठेवणारा हा मनुष्य नव्हे. दरबाराची रीत, वेळ आणि माणसे त्याला ठाऊक होती. तहाची कलमेही त्या दिवसांत अशाच मध्यस्थीने ठरली. मला वाटते, तेथे दुभाष्याला मान होता, याचे कारण दोन्ही पक्षांपाशी बळ होते. चूक झाली तर जाब विचारणारे दोन्हीकडे होते.

जेथे एकाच पक्षाकडे बळ असते, तेथे काय होते? यासाठी कातकऱ्यांकडे वळू. खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती शासनाने विशेष असुरक्षित मानल्या आहेत, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर यांचाही समावेश आहे. दिवाळीनंतर यांच्या वाड्या ओस पडतात, कारण कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामावर जातात.

विद्वानांनी यांच्या भाषेची दखल घेतली नाही असे नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात मराठीबरोबर कातकरी बोलीचाही विचार आहे. परंतु त्या सर्वेक्षणाची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट सरकारी अधिकाऱ्यांमार्फत ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेतली जाई. म्हणजे नमुना म्हणून जे हाती आले, ते मुळातच भाषांतर होते. बोलणाऱ्याच्या आणि अभ्यासकाच्या मध्ये कोणी तरी दुभाषी उभा होता. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी महाडची कुणबी, ठाण्याची वारली अशा बोलींचे स्वतंत्र अभ्यास सिद्ध केले आणि ध्वनी, प्रत्यय, वाक्यरचना यांची शिस्तीने मांडणी केली. तथापि बोलीचे व्याकरण लिहिणे वेगळे आणि ती बोलणाऱ्याचे म्हणणे कचेरीत पोचवणे वेगळे.

कायद्याने सोय केलेली आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७९ व्या कलमानुसार, आरोपीला न समजणाऱ्या भाषेत दिलेली साक्ष त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. ही तरतूद तिच्यातही आहे. पण मेख अशी, की तमिळ किंवा ओडिया माणसाला दुभाषी हवा हे कोणालाही पटते, कातकऱ्याला हवा हे पटत नाही. 'तो मराठीच तर बोलतो!' असे म्हणून विषय संपतो. दूरच्या भाषेपेक्षा जवळची भाषाच येथे अधिक घात करते. प्रश्न अर्धामुर्धा कळला तरी साहेबापुढे 'हो' म्हणून सुटका करून घेतली जाते, आणि तो 'हो' कागदावर चढतो.

एकदा एका सरकारी दवाखान्यात मी हे डोळ्यांनी पाहिले. एक कातकरी बाई आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी शाळेत जाणारी, म्हणून तीच दुभाषी. डॉक्टरांनी पाळीसंबंधी विचारले. मुलीने आईकडे पाहिलेसुद्धा नाही; 'बरोबर आहे' असे आपणच सांगून टाकले. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. बाहेर वाडीवरच्या आशाताई भेटल्या, त्यांनी चौकशी केली, तेव्हा तीन महिने रक्तस्राव होत असल्याचे कळले. त्या बाईला घेऊन पुन्हा आत गेल्या. मुलीला मी विचारले, तर म्हणाली, 'आयेला असं कसं इचारू?' तिचे काय चुकले?

ऑस्ट्रेलियात परदेशांतून आलेल्या लोकांसाठी १९७३ साली टेलिफोनवरून दुभाषी देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि १९७७ पासून दुभाष्यांची परीक्षा घेऊन त्यांना मान्यता देणारी संस्थाही आहे. तेथील अभ्यासक आता दुभाष्याने शब्द बरोबर आणले का, एवढेच पाहत नाहीत. तो कोणाच्या बाजूला बसतो, लाजेचे प्रश्न गाळतो का, 'मी' ऐवजी 'ती म्हणते' असे सांगतो का, हेही तपासतात. आपल्याकडे 'दुभाषी' या शब्दाला 'दुतोंडी'चा वास येतो, हाही अभ्यासाचाच विषय.

आपल्या वर्गात कातकरवाडीवरून येणारे विद्यार्थी आहेत. दुखणे, जमिनीचा कागद, मजुरीची उचल, या तीन बाबींचे त्यांच्या बोलीतले शब्द मराठी आणि समाजशास्त्र विभागांनी मिळून त्यांच्याच तोंडून उतरवून घ्यायला हरकत नाही. पावसाळ्यात वाड्या भरलेल्या असतात. काम तेव्हाच होऊ शकेल.