१२७ दात्यांचे चक्र आणि मूळ संख्या

कोल्हापूरजवळील शिरोली औद्योगिक वसाहत ओतकाम व यंत्रकाम यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे लेथवर आटे पाडणाऱ्या कारागिराचा मूळ संख्यांशी काय संबंध, असा प्रश्न सहज पडेल. १२७ या संख्येत त्याचे उत्तर आहे.

१ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज जिला अन्य विभाजक नाही, अशी १ हून मोठी संख्या म्हणजे मूळ संख्या. १२७ ची परीक्षा घेण्यास २, ३, ५, ७ व ११ यांनी भागून पाहणे पुरेसे आहे. कारण १३ चा वर्ग १६९ हा १२७ हून मोठा आहे. या पाचांपैकी एकानेही १२७ ला निःशेष भाग जात नाही.

भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. १९५९ साली इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर असे ठरले. म्हणजेच ५ इंच बरोबर १२७ मिलिमीटर. आता समजा, लेथच्या लीड स्क्रूवर इंचास ४ आटे आहेत. म्हणजे दोन आट्यांतील अंतर ६.३५ मि.मी. अशा लेथवर २ मि.मी. अंतराचे आटे पाडावयाचे असल्यास २ : ६.३५, अर्थात ४० : १२७ हे गुणोत्तर साधावे लागते. त्यासाठी स्पिंडलकडे ४० आणि लीड स्क्रूवर १२७ दात्यांचे चक्र बसवितात.

लहान चक्रे जोडून हे काम होणार नाही काय? नाही. मूळ संख्येने एखाद्या गुणाकारास भाग जात असेल, तर त्यातील निदान एका संख्येस भाग जातोच. म्हणून कितीही चक्रे जोडली, तरी त्यांपैकी एकाच्या दात्यांची संख्या १२७ च्या पटीतच असावी लागते. ६३ दात्यांचे चक्र घेऊन २० : ६३ हे गुणोत्तर वापरता येते, पण त्यात प्रत्येक आट्यामागे सुमारे ०.०१६ मि.मी. चूक होते. पन्नास आट्यांत ती ०.८ मि.मी. होते. आखूड बोल्टला ती खपते; लांब स्क्रूला मात्र ती खपत नाही व माल नाकारला जातो.

१२७ चा लौकिक येथेच संपत नाही. २ चा सातवा घात १२८. त्यातून १ वजा केल्यास १२७ येतात. अशा रूपातील मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. २ च्या १२७ व्या घातातून १ वजा केल्यास येणारी ३९ अंकी संख्याही मूळच आहे. फ्रेंच गणिती ल्यूका यांनी १८७६ साली हे सिद्ध केले आणि पुढे पाऊणशे वर्षे, १९५१ पर्यंत, तीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मर्सेन मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत.

प्रशिक्षणार्थींनी एवढे ध्यानी ठेवावे : चक्रे निवडण्यापूर्वी गुणोत्तराचे मूळ अवयव पाडावेत. कोणते चक्र टाळता येईल आणि कोणते अपरिहार्य आहे, हे त्यावरून यंत्र सुरू करण्याआधीच कळते.