काम सवडीचं हवं, पण वाढणारंही

मुलगी बारावी किंवा पदवी झाली, की भिवंडीतले आई-वडील हमखास विचारतात, "घर सांभाळून करता येईल असं काही आहे का?" ठाण्या-मुंबईची नोकरी म्हटली की अंजूरफाट्याची, कल्याण नाक्याची कोंडी, वसई-दिवा मार्गावरच्या मोजक्या गाड्या आणि रात्रीचा उशीर आठवतो. काळजी रास्त आहे. पण त्या प्रश्नाच्या जोडीला आणखी एक गोष्ट विचारायला हवी: पाच वर्षांनी याच कामाचा तिला आजच्यापेक्षा जास्त मोबदला मिळेल का?

सवडीच्या कामाला या गावात कधीच तोटा नव्हता. मागासाठी कांड्या भरणं, कापडाचे धागे कापणं, नगावर शिलाई करणं, हे बायका वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. त्यावर कित्येक घरं चालली, म्हणून ते कमी लेखायचं कारण नाही. अडचण अशी, की दर दुसराच कुणी ठरवतो आणि नवख्या बाईला व दहा वर्षं मुरलेल्या बाईला बहुधा तोच दर पडतो. अनुभवाची किंमत होत नाही तिथे वेळेची मोकळीक असली तरी करिअर घडत नाही.

मोबदला कशाने वाढतो?

याचं उत्तर मुंबईतच सापडतं. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली; तीच पुढे ‘लिज्जत’ झाली. सकाळी पीठ घरी न्यायचं, सोयीने लाटायचं, तयार पापड केंद्रावर द्यायचे. कामाची ही पद्धत एरवी घरून काम करणाऱ्या बाईसारखीच आहे. फरक असा, की इथे प्रत्येक सभासद बहीण संस्थेची भागीदार आहे. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना जेवण घालायच्या, पण किराणा उधारीवर आणि कर्ज सावकाराचं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभारून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळवून दिलं. चूल तीच राहिली, तरी हिशेब बाईच्या हातात आला. माग कामगारांच्या भिश्शा, म्हणजे खानावळी, चालणाऱ्या भिवंडीला हे वेगळं समजावून सांगायला नको. डबे किंवा फराळाचं काम करायचं असेल, तर अन्नसुरक्षा नोंदणी, स्वतःच्या नावावर बँक खातं आणि रोजचा लेखी हिशेब या तीन गोष्टींपासून सुरुवात करा.

भिवंडीत संधी कुठे?

सगळ्यात जवळची संधी हिशेबाच्या कामात आहे. इथे लहान यंत्रमागवाले आहेत, कापडाचे व्यापारी आहेत, मानकोली-काल्हेर-पूर्णा पट्ट्यात गोदामं आणि वाहतूकदार आहेत. यातल्या अनेकांना पूर्णवेळ अकाउंटंट परवडत नाही आणि तेवढं कामही नसतं. पण १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि विवरणपत्रं चुकवून चालेनासं झालं. दरमहा भरणाऱ्यांची विक्रीची माहिती ११ तारखेला आणि करभरणा २० तारखेला. म्हणजे कामाची गर्दी कधी असणार हे आधीच ठाऊक. तीन-चार व्यापाऱ्यांचे हिशेब ठरावीक दिवशी सांभाळणारी मुलगी महिन्याची आखणी स्वतः करू शकते. पुढची पायरीही आहे: आधी टॅली आणि ई-वे बिल, मग विवरणपत्रं. वाणिज्य पदवीधरांना परीक्षा देऊन जीएसटी प्रॅक्टिशनर होता येतं. हिशेबाकडे ओढा असेल, तर सीए, सीएमएचे दरवाजे उघडे आहेतच.

दहावी झालेल्यांसाठी एलआयसीची ‘विमा सखी’ योजना डिसेंबर २०२४ पासून आहे. पहिल्या वर्षी दरमहा ७,००० रुपयांपर्यंत मानधन मिळतं, पुढच्या दोन वर्षांत ते उतरतं आणि त्याला पॉलिसींच्या अटी असतात. बोलक्या, ओळखी जपणाऱ्या मुलीला हे काम जमेल; केवळ नातेवाइकांच्या भरवशावर मात्र ते टिकत नाही.

गोदामांच्या कार्यालयांतही नोंदी, बिलिंग, ग्राहकसेवेची कामं असतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था लागते. मुलाखतीला जाताना हा नियम माहीत असू द्या.

शिक्षण कसं आखावं?

बीएनएन महाविद्यालयात किंवा जी. एम. मोमीन महिला महाविद्यालयात पदवी चालू असेल, तर २०२२ पासून यूजीसीच्या नियमांत बसेल अशी दुसरी पदवी मुक्त विद्यापीठातून सोबत करता येते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा विचार करा. प्रवेशाआधी अभ्यासक्रमाची मान्यता तपासा.

पदवीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं शक्यतो पूर्णवेळ काम करा, हा माझा आग्रह आहे. पूर्णवेळ कामात हात बसतो, चुका दाखवणारं कुणी भेटतं, ओळखी होतात. पुढे लग्न, बाळंतपण किंवा आजारपणासाठी तास कमी केले, तरी काम देणारा तुम्हाला ओळखत असतो. नोकरीत असाल तर बाळंतपणाच्या रजेचे नियमही विचारून घ्या: २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि त्यानंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर मालकाशी ठरवून घरून काम करण्याची तरतूदही केली.

सावध राहा

• ‘घरबसल्या डेटा एंट्री’साठी आधी नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणाऱ्यापासून दूर राहा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

• दर, कामाचे तास आणि पैसे मिळण्याची तारीख व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या.

• पीएफ नसेल, तर बचत स्वतः करा. १८ ते ४० वयात, प्राप्तिकर भरत नसाल तर, अटल पेन्शन योजना आहे. असंघटित कामगार असाल तर ई-श्रमवर नोंदणी करा.

पालकांसाठी

मुलगी घरून काम करते म्हणजे ती दिवसभर मोकळी आहे, असं घरच्यांनीच ठरवलं तर कुठलंही कौशल्य टिकणार नाही. दुपारी दोन ते पाच तिच्या कामाची वेळ असेल, तर त्या वेळेत बेल वाजल्यावर दार दुसऱ्या कुणी तरी उघडावं. स्थळ पाहतानाही "नोकरी करू देणार का?" एवढ्यावर थांबू नका. तिच्या कामाच्या तासांत घर आणि मुलं कोण बघणार, हे समोरच्यांना लग्नाआधीच विचारा.