नेपाळचे घड्याळ पंधरा मिनिटे पुढे



दिवाळीच्या सुट्टीत मी, आजी आणि काका विमानाने नेपाळ देशातील लुंबिनी या लहान गावी जाऊन आलो. लुंबिनी हे गौतम बुद्धांचे जन्मस्थान आहे. तेथे जायची आजीची फार वर्षांची इच्छा होती. आपल्याकडचे पुष्कळ लोक रेल्वेने गोरखपूरला उतरतात आणि सोनौलीजवळ हद्द ओलांडून तेथे जातात. पण आजीचे गुडघे दुखतात. म्हणून काकांनी पैसे साठवून विमानाची तिकिटे काढली. या प्रवासात मला घड्याळाची एक नवी गोष्ट समजली. ती मी येथे लिहीत आहे.

आम्ही पहाटे अंधारातच चिकलठाणा विमानतळावर पोचलो. आजी पांढरे लुगडे नेसली होती. काकांनी तिच्या चंचीतला अडकित्ता काढून मोठ्या पिशवीत टाकला. धारदार वस्तू जवळ ठेवून विमानात बसू देत नाहीत. आजी म्हणाली, "मग सुपारी काय दातानं फोडू?" मोठ्या पिशव्या विमानाच्या पोटात जातात. भारतीय माणसाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. मोठ्या माणसांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते.

दिल्लीला आम्ही विमान बदलले. तेथून काठमांडूला जाताना डाव्या खिडकीतून हिमालय दिसतो. आजी म्हणाली, "ढग हायेत का गं?" मी म्हणाले, "नाही आजी, बर्फाचे डोंगर हायेत!" आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "बाबासाहेब इथं आले व्हते." ते खरे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते.

काठमांडूला मला एक गंमत वाटली. नेपाळी भाषा आपल्यासारखीच देवनागरी लिपीत लिहितात. त्यामुळे मला पाट्या वाचता येत होत्या. आपण विमानतळ म्हणतो, ते लोक विमानस्थल म्हणतात. आजीला वाचता येत नाही. ती सारखी विचारायची, "काय लिवलंय गं?" आणि मी वाचून दाखवायची.

तेथून आम्हाला पंख्याच्या लहान विमानाने भैरहवा येथे जायचे होते. तिकिटावर ३.४५ ही वेळ होती. काकांच्या मनगटी घड्याळात ३.१० झाले होते. काका म्हणाले, "अजून पस्तीस मिनिटं हायेत. चहा घेऊ." तेवढ्यात माझे लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले. त्यात ३.२५ वाजले होते. मी म्हणाले, "काका, ते घड्याळ पुढं हाय." काका म्हणाले, "बिघडलं असंल." पण मी दुसऱ्या भिंतीवर पाहिले. तिथेही ३.२५! एवढ्यात भैरहवाची पाटी मला दिसली. तिथली रांग संपत आली होती.

मग आम्ही पळालो. मी आजीचा हात धरला. आजी म्हणाली, "माय, माझ्या पायात गोळे आले. तुमी जा म्होरं." पण आम्ही तिला सोडले नाही. विमानाकडे नेणारी बस निघायच्या बेतात होती. आम्ही तिघे शेवटचे चढलो. काकांच्या कपाळावर घाम आला होता. विमानात बसल्यावर त्यांनी घड्याळाचा काटा पंधरा मिनिटे पुढे सरकवला.

असे का झाले? शाळा उघडल्यावर मी गुरुजींना विचारले. त्यांनी पृथ्वीगोल आणून समजावले. पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती एक फेरी करते. एक फेरी म्हणजे ३६० अंश. म्हणून १ अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. पूर्वेकडच्या गावाला सूर्य अगोदर दिसतो. पण प्रत्येक गावाने वेगळी वेळ धरली तर रेल्वेची फार पंचाईत होईल. म्हणून प्रत्येक देश एक रेषा ठरवतो. काही मोठे देश जास्त रेषा ठरवतात. भारताची रेषा ८२ अंश ३० मिनिटे पूर्व अशी आहे. ती उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. नेपाळची रेषा गौरीशंकर शिखरावरून जाते. ती ८६ अंश १५ मिनिटे पूर्व आहे. दोन्हींत पावणेचार अंशांचा फरक आहे. पावणेचार गुणिले चार म्हणजे पंधरा मिनिटे!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लुंबिनीतील मायादेवी मंदिर पाहिले. जवळच सम्राट अशोकाचा दगडी खांब आहे. तो सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. बुद्ध येथे जन्मले म्हणून अशोकाने या गावाचा कर कमी केला, असे त्यावर कोरले आहे. आपल्या अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात बुद्धजन्माचे चित्र आहे. तेच हे ठिकाण. आजीने हात जोडले आणि नेहमीसारखे विचारले, "काय लिवलंय गं?" पण ती अक्षरे ब्राह्मी लिपीतली होती. मला एकही वाचता आले नाही. काकांनाही नाही. तिथे आम्ही दोघे आजीसारखेच झालो. मग मी शेजारची पाटी शोधून तिला अर्थ सांगितला. आता मी आजीला रोज दोन अक्षरे शिकवते. तिला 'आ' आणि 'ब' येतात.

मित्रांनो, तुम्ही एक प्रयोग करा. शाळेच्या मैदानात एक काठी सरळ रोवा. तिची सावली सर्वांत लहान होते तेव्हा सूर्य सर्वांत वर असतो. त्या वेळी घड्याळ बघा. बारा वाजून गेलेले असतील. आपले छत्रपती संभाजीनगर सुमारे ७५ अंशांवर आहे आणि आपले घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेषेवर चालते. तर आपला सूर्य त्या रेषेपेक्षा सुमारे किती मिनिटे मागे आहे? गणित करून उत्तर गुरुजींना दाखवा.