फिरत्या घराची वीज



अमेरिकेतील ज्या गाड्यांमध्ये माणसे राहतात, रांधतात आणि झोपतात, त्या आरव्हींच्या छतावर सौर पॅनल बसवताना पॅनल किती वॅटचे आणि बॅटरी केवढी, याचा विचार आधी होतो व फ्यूजचा सर्वांत शेवटी; हा क्रम उलटा करावा. फ्यूज म्हणजे प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की स्वतः वितळून वाट तोडणारी धातूची पट्टी, आणि ती राखते वायरीला, दिव्याला किंवा पंख्याला नव्हे. म्हणून फ्यूजचा आकडा नेहमीच्या प्रवाहापेक्षा थोडा अधिक असावा, पण वायरीला सोसेल त्याहून अधिक कधीही नसावा. वारंवार उडतो म्हणून 30 अँपिअरच्या जागी 60 चा बसवला, तर पुढच्या वेळी वितळते ती वायर, आणि तीही लाकडी भिंतीच्या आत.

खरा धोका छतावर नसून बॅटरीपाशी असतो. 200 वॅटचे पॅनल शॉर्टसर्किट झाले तरी साधारण दहा-बारा अँपिअरच देते. लिथियम बॅटरी मात्र तिची दोन टोके भिडताच हजारो अँपिअर ओतू शकते. यासाठी मुख्य फ्यूज बॅटरीला अगदी लगटून असावा, कारण बॅटरी व फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कोणीच राखणदार नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युतसंहितेत या अंतराची मर्यादा 18 इंचांची आहे. शिवाय एवढा प्रचंड प्रवाह न फुटता तोडण्याची ताकद फ्यूजमध्ये हवी, म्हणून लिथियमसाठी क्लास टी जातीचा, 20,000 अँपिअर तोडू शकणारा फ्यूज घ्यावा, भले तो महाग असो. 12 व्होल्टवर 2,000 वॅटचा इन्व्हर्टर जवळजवळ 170 अँपिअर आणि वर स्वतःची तूट ओढतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे जाड तांब्याच्या वायरीची किंमत डोळ्यांवर येत नाही.

दोन पॅनल समांतर जोडल्यास त्यांना सहसा वेगळे फ्यूज लागत नाहीत. तीन झाली की दोन चांगल्यांचा प्रवाह तिसऱ्या बिघडलेल्यात शिरू शकतो, म्हणून प्रत्येकाला त्याच्या पाठीवरील पट्टीत छापलेल्या मर्यादेतला फ्यूज द्यावा. अमेरिकेतील घरगुती वीज सेकंदाला 120 वेळा शून्यावर येते व ठिणगी विझते. पॅनल व बॅटरी यांच्या एकदिश प्रवाहाला तो विसावा नसल्याने त्यासाठीच बनवलेले फ्यूज आणि ब्रेकर वापरावेत.

गाडी हादरते हे घर बांधणाऱ्याला ठाऊक नसते. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना कडेला रबरी ग्रोमेट नसेल, तर काही हजार मैलांत तिचे आवरण कापले जाते. म्हणून बारीक तारांची लवचीक वायर घ्यावी, तिच्या टोकांचे धातूचे लग योग्य हत्याराने दाबावेत, ओढून पाहावेत आणि पहिल्या लांब प्रवासानंतर पुन्हा तपासावेत.

जोडताना पॅनल व बॅटरी यांच्यामधल्या चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल. सोडवताना आधी पॅनल. पॅनलला बंद करण्याचे बटण नसते, उजेड आहे तोवर त्याच्या वायरीत वीज असते, म्हणून काम संपेपर्यंत त्यावर जाड घोंगडी टाकलेली असावी.