पोहण्याचा तलाव व पाळीव कुत्रा

प्रत्येक कुत्रा उपजतच उत्तम पोहतो, हा समज खरा नव्हे. बुलडॉग, पग यांसारखी आखूड तोंडाची कुत्री लवकर दमतात. पोहणारा कुत्राही बुडू शकतो. कारण त्यास काठावर चढता येत नाही. मेहरौली येथे १५०६ च्या सुमारास बांधलेल्या 'राजों की बावली'च्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. दिल्लीच्या परिसरातील बंगल्यांच्या तलावांच्या भिंती मात्र बहुधा उभ्या व गुळगुळीत असतात. त्यांवर नखे ठरत नाहीत. घाबरलेला प्राणी जवळच्याच भिंतीशी धडपडून थकतो. यास्तव तलावास कुंपण घालावे आणि कुत्र्यास पाण्यात उतरवून, चहूबाजूंनी पायरीकडे वळण्याचा सराव द्यावा. तलावावर सैल आच्छादन पसरू नये. त्याखाली प्राणी अडकतो.