महाधमनीचा फुगवटा : उपचारानंतरची दक्षता

प्रश्न : माझ्या वडिलांच्या (वय 71) पोटातील महाधमनीच्या फुगवट्यावर मुंबईस जांघेतून नळी घालून स्टेंट-ग्राफ्ट बसविला. आता काहीही त्रास नसताना पुनःपुन्हा तपासणीस जाणे आवश्यक आहे काय?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : होय, निःसंशय आवश्यक आहे. 1990 मध्ये ब्वेनोस आयरिस येथे हुआन पारोदी यांनी प्रथम अवलंबिलेल्या ह्या पद्धतीत पोट उघडावे लागत नाही, हा तिचा मोठाच लाभ. परंतु फुगलेली भिंत जागच्या जागीच राहत असल्यामुळे, ग्राफ्टच्या कडेने अथवा लहान उपशाखांतून रक्त पुन्हा त्या पिशवीत झिरपू लागले, किंवा ग्राफ्टच सरकला, तर यत्किंचितही वेदना न होता फुगवटा वाढू शकतो. म्हणून पहिल्या महिन्यात सीटी स्कॅन आणि पुढे तज्ज्ञांच्या सल्ल्याबरहुकूम, बहुधा दरवर्षी, सोनोग्राफी वा सीटी स्कॅन आजन्म करावे. सीटीसाठी टोचावयाचे औषध मूत्रपिंडांस अपायकारक ठरू शकते, सबब क्रिएटिनिन आधी तपासून घ्यावे.

धूम्रपान व तंबाखू सर्वस्वी वर्ज्य करावी. रक्तदाबाच्या व इतर नेमून दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. ज्वर, जांघेतील जखमेतून स्राव, पाय थंड वा बधिर पडणे, ह्यांची हयगय नको. पोटात किंवा पाठीत अकस्मात तीव्र कळ आली, घेरी आली, तर 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून तत्काळ जिल्हा शासकीय रुग्णालय गाठावे. मुंबईचे सर्व कागद एका फायलीत, हाताशी ठेवावेत. ऐनवेळी तेच डॉक्टरांस मार्गदर्शक ठरतात.